मडके रंगावरून पारखावे काय?

चित्रपट पाहिल्यावर घरात त्यावरून वाद होणे ही गोष्ट आता नित्याची झाली आहे, आणि आमच्या मते ती वाईटही नव्हे. ज्या घरात वाद होतो त्या घरात निदान बोलणे तरी चालू असते. परंतु काही वाद असे असतात की, वरून पाहता ते चित्रपटाविषयी असतात आणि आत शिरून पाहता दुसऱ्याच कशाविषयी. अशा एका वादाचा विचार या खेपेस वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

वादाचा विषय आहे ‘स्पीड रेसर’ नावाचा मोटारींच्या शर्यतीचा इंग्रजी चित्रपट. तो नवा नव्हे. ९ मे २००८ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याचे मूळ मात्र जपानात आहे. तात्सुओ योशिदा या जपानी चित्रकाराने रचिलेल्या चित्रकथेवरून १९६७ साली तेथील दूरचित्रवाणीवर ५२ भागांची एक कार्टूनमाला निघाली, आणि तिचा इंग्रजी अवतार पाहत अमेरिकेतील मुलांची एक पिढी वाढली. पुढे ‘मॅट्रिक्स’ या गाजलेल्या चित्रपटाच्या कर्त्या लाना व लिली वाचोवस्की या भगिनींनी ही कथा मोठ्या पडद्यासाठी हाती घेतली. कार्टूनवरून चित्रपट करावयाचा तर कार्टून खऱ्यासारखे करून दाखवावे, असा सामान्य रिवाज आहे. यांनी नेमके उलट केले. खरी माणसे घेतली आणि त्यांना कार्टूनच्या जगात नेऊन बसविले. २००७ साली बर्लिनजवळ बाबेल्सबर्ग येथील स्टुडिओत नटांनी बहुतांशी हिरव्या पडद्यापुढे उभे राहून कामे केली. त्यांच्या मागचे रस्ते, डोंगर व नगरे, किंबहुना धावत्या मोटारीसुद्धा, मागाहून संगणकावर रचण्यात आल्या. रस्ते चकलीच्या वेढ्यासारखे वळतात, मोटारी पहिलवानांप्रमाणे एकमेकींवर उड्या घेतात, आणि रंग तर असे की रंगपंचमीच्या सायंकाळचा वाडा आठवावा.

या साहसास सुमारे १२ कोटी डॉलर खर्च आला, आणि जगभरचे सारे उत्पन्न मिळून १० कोटींपर्यंतही पोहोचले नाही. एक आठवडा आधी लागलेल्या ‘आयर्न मॅन’पुढे त्याचा टिकाव लागला नाही. टीकाकारांत दोन तट पडले. डोळे दुखले, डोके उठले, कथा रंगांत बुडाली, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. चित्रपटाने प्रथमच चित्रकलेशी खरी सोयरीक केली, असे म्हणणारे थोडे निघाले. नंतर वर्षे लोटली. त्या वेळी जी मुले होती ती मोठी झाली, आणि आज या चित्रपटाची हिरिरीने बाजू घेणारा एक निष्ठावंत वर्ग तयार झालेला आहे. म्हणजे वाद मिटला नाही. पक्षांचे बळ तेवढे बदलले.

हाच वाद गेल्या उन्हाळ्यात आमच्या धाराशिवातील एका स्नेह्यांच्या घरी आम्ही प्रत्यक्ष ऐकिला. घर जुन्या वळणाचे, तीन पिढ्यांचे. सुट्टीनिमित्त पुण्याहून व हैदराबादेहून नातवंडे आलेली. दुपारी ऊन इतके की अंगणात पाय ठेववेना, तेव्हा माजघरातील दूरचित्रवाणीवर हा चित्रपट लागला, आणि आंबे पिळता पिळता सारे घर त्याच्याभोवती जमले.

पहिल्या पाव तासातच तट पडले. “अरे, हे काय चालले आहे! मोटारीला काही वजन आहे की नाही? ही तर चिंचोक्यासारखी उडते,” असे आजोबा म्हणाले. “आजोबा, तुम्ही रस्त्यावरची मोटार पाहता आहात. ही चित्रातली मोटार आहे,” असे थोरल्या नातवाने उत्तर दिले. सूनबाईंना रंग आवडले, पण माणसे चिकटवहीत डकविल्यासारखी वाटली. धाकट्या नातीला काही खटकलेच नाही. ती खुर्चीच्या हातांना धरून वळणावळणाला स्वतःच कलत होती. आजोबांनी अखेर निकाल दिला : “हा चित्रपट नव्हे, रंगकाम आहे.”

या ‘रंगकाम’ शब्दावर घर एकदम गप्प झाले. त्याचे कारण आम्हास ठाऊक होते, म्हणून सांगतो. आमच्या स्नेह्यांच्या धाकट्या चिरंजीवांनी अभियांत्रिकीचे शिक्षण तिसऱ्या वर्षी सोडले, आणि आता ते पुण्यास संगणकावर चित्रपटांसाठी अशीच हलती चित्रे काढण्याचा व्यवसाय करितात. वडिलांनी त्या व्यवसायास ‘रंगकाम’ हेच नाव ठेविलेले आहे, आणि बापलेकांत गणेशचतुर्थीपुरते बोलणे उरले आहे. हा चित्रपट पाहा, असे मुलांना फोनवरून सुचविले होते ते या काकांनीच. तेव्हा त्या दुपारी मोटारींवर जे आघात होत होते, ते पुण्यास कोणास लागत होते हे निराळे सांगावयास नको.

असो. आधी चित्रपटाविषयीच्या आक्षेपांचा विचार करू. भडक रंगांवरचा राग आणि चित्रांच्या चमत्काराविषयीचे कुतूहल, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे फार जुन्या आहेत. दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लहानशा पटात निर्जीव आगकाड्या नाचवून दाखविल्या. ‘प्रभात’ने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगांत आणण्याचा घाट घातला आणि रंगप्रक्रियेसाठी चित्रपट थेट जर्मनीस नेला. परंतु रंग मनाजोगे उठले नाहीत. त्याच ‘प्रभात’ने पुढच्याच वर्षी ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढिला. आपल्या वडीलधाऱ्या कारागिरांना असल्या खटपटींत कमीपणा वाटला नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

पहिला आक्षेप असा की, हे खऱ्यासारखे नाही. यावर भरतमुनींनी फार पूर्वी उत्तर देऊन ठेविले आहे. नाट्यशास्त्रात त्यांनी प्रयोगाचे दोन धर्म सांगितले : लोकधर्मी आणि नाट्यधर्मी. लोक जसे वागतात, चालतात, बोलतात तसे दाखविणे हा पहिला. संकेताने, अलंकाराने, लोकांत नसलेल्या रीतीने दाखविणे हा दुसरा. दोन्ही मान्य, मात्र एकाचे माप दुसऱ्यास लावू नये. नाट्यधर्मी प्रयोगास ‘खऱ्यासारखे नाही’ हा दोष देणे म्हणजे श्लोकास ‘कोणी असे बोलत नाही’ म्हणून दूषण देण्यासारखे आहे.

आणि ही गोष्ट आमच्या जिल्ह्यातील माणसास पुस्तकातून शिकावी लागत नाही. तुळजापूरच्या भवानीचा हा प्रांत. लग्नकार्यानंतर दारी गोंधळ घातला जातो. दिवटीच्या उजेडात, संबळ व तुणतुण्याच्या नादावर एकच गोंधळी घटकेत राजा होतो, घटकेत घोडा होतो, आणि दुसऱ्या घटकेस त्या राजाची रडणारी राणी होतो. महाल कोठे आहे, घोड्यास शेपूट का नाही, असे त्याला आजवर कोणी विचारिले नाही. गोंधळात जे आजोबा घोड्यावाचून घोडा पाहतात, त्यांनी पडद्यावर वजनावाचून मोटार पाहण्यास हरकत कोणती?

दुसरा आक्षेप, की काही नीट दिसतच नाही; सर्व इतके वेगात जाते की नजर ठरत नाही. येथे आम्हास शंकरपटाची आठवण होते. ज्यांनी बैलांची शर्यत जवळून पाहिली आहे त्यांनी सांगावे, की त्यांना काय दिसले? माणसे उन्हात तासन् तास उभी राहतात, आणि जोडी समोरून जाते ती काही क्षणांत. दिसते ती धूळ, रंगविलेल्या शिंगांची एक रेघ आणि हाकणाऱ्याचे उघडे तोंड. बाकीचे सारे मागाहून मनाने भरून काढावयाचे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा नव्या पिढीसही हा अनुभव घेता येतो. वेग ही वस्तूच अशी आहे की ती स्पष्ट दिसली तर वेग राहत नाही. चित्रपटकर्त्यांनी रंगांच्या रेघा ओढल्या त्या वेगाशी इमान राखूनच ओढल्या, असे आम्हास वाटते.

त्यांची आणखी एक युक्ती मोठी मार्मिक आहे. सामान्य चित्रपटात जवळची वस्तू स्पष्ट असली की लांबची पुसट होते. येथे बहुधा जवळचे व लांबचे दोन्ही सारखेच स्पष्ट ठेविले आहे, त्यामुळे पडदा एखाद्या भिंतीवरील चित्रासारखा सपाट दिसतो. शिवाय काळाचेही तेच. आरंभीच्या शर्यतीत नायक धावत असतो, आणि त्याच रस्त्यावर, त्याच वळणावर, वर्षांपूर्वी धावलेला त्याचा थोरला भाऊ आपल्याला सोबतच दिसत राहतो. अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा रंगविणाऱ्यांनी एकाच पटात एकच पुरुष दोन-तीन ठिकाणी, निरनिराळ्या प्रसंगांत दाखविला आहे. पाहणारा गोंधळत नाही. तीच ही रीत, फक्त धावती.

परंतु एका बाजूचेच बोलून भागणार नाही. आक्षेप घेणाऱ्यांच्या पदरी जे सत्य आहे ते त्यांना दिले पाहिजे. चित्रपट सव्वादोन तासांचा आहे, आणि मिष्टान्न कितीही चांगले असले तरी सव्वादोन तास खाववत नाही. धाकटा भाऊ व त्याचे माकड यांच्या मर्कटलीला मधून मधून अगदी नकोशा होतात. कंपन्यांच्या समभागांची व लबाड्यांची लांबलचक प्रवचने मुलांना कळत नाहीत आणि मोठ्यांना करमत नाहीत. जेथे सर्वच ठळक छापिले तेथे ठळक काहीच उरत नाही, हा मुद्रणालयाचा नियम येथे कर्त्यांनी पुष्कळदा मोडिला आहे.

मुख्य प्रश्न याहून खोल आहे. शाळेत संस्कृत शिकविताना मम्मटाचे तीन कोटींचे वर्गीकरण आम्ही मुलांना सांगत असू. ज्यात सुचविलेला अर्थ सांगितलेल्या अर्थाहून बलवत्तर, ते ध्वनिकाव्य उत्तम. ज्यात तो गौण, ते मध्यम. आणि ज्यात नुसता शब्दांचा व अर्थांचा चमत्कार, ते चित्रकाव्य, सर्वांत कनिष्ठ. गंमत अशी की, ध्वनी समजावून देताना अर्धा वर्ग पेंगत असे, आणि किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गातील एकट्या ‘न’कारावर रचिलेला श्लोक फळ्यावर लिहिताच मागच्या बाकावरचाही मुलगा ताठ बसे. मुलांच्या या आवडीस आम्ही कधी हसलो नाही. चमत्काराच्या दारातूनच पुष्कळ जण आत येतात. आत आल्यावर तेथे काही आहे की नाही, एवढेच पाहावयाचे. तेव्हा प्रश्न असा : हा चित्रपट नुसते चित्रकाव्य आहे, की त्यात ध्वनी आहे?

आमच्या मते आहे, आणि तो मोटारीत नसून घरात आहे. ही कथा एका कुटुंबाची आहे. बाप घरीच शर्यतीच्या मोटारी बांधतो, आई सर्वांना करून वाढते, मुलगे मोटारी हाकितात, घरातलाच झाल्यासारखा एक कारागीर मदतीस असतो. एका धनाढ्य कंपनीचा मालक धाकट्यास भुलवावयास येतो. मुलगा नाही म्हणतो, तेव्हा तो मालक सांगतो की, शर्यतींचे निकाल आधीच ठरलेले असतात, आणि तुमच्यासारख्या घरगुती मंडळींना तेथे जागा नाही. एकत्र कुटुंबाचा हा पक्ष अमेरिकेच्या चित्रपटाने इतक्या आवेशाने घ्यावा, ही गोष्ट आमच्या वाचकांनी अवश्य नोंदवावी. आणि आरंभीची ती शर्यत! जिंकता जिंकता थोरल्या भावाचा विक्रम मोडण्याची वेळ येते, तेव्हा धाकटा हलकेच वेग कमी करितो; शर्यत जिंकतो, पण भावाचा विक्रम भावाच्याच नावे राहू देतो. हे कोणी शब्दांनी सांगत नाही. मोटार किंचित हळू होते, एवढेच. ध्वनी म्हणतात तो हाच.

दुसरे स्थळ दाराचे आहे. थोरला मुलगा बापाशी न पटून घर सोडून निघतो, तेव्हा बाप रागाच्या भरात म्हणतो की, या दारातून गेलास तर परत येऊ नकोस. पुढे त्या मुलाच्या मृत्यूची वार्ता येते. त्यातले खरेखोटे येथे सांगत नाही, पाहणाराचा रस जाईल. काही वर्षांनी धाकटाही तसाच निघतो. या वेळी बाप त्याच्याशी बोलावयास बसतो. थोरल्यास आपण काय बोललो आणि त्याचे काय मोल पडले, हे तो मुलापुढे उघड करितो, आणि सांगतो की, तू गेलास तरी हे दार उघडे राहील. सबंध चित्रपटात येथे रंग शांत आहेत, मोटार एकही नाही, आणि एक स्थूल, मध्यमवयीन गृहस्थ आपल्या मुलाशी हळू आवाजात बोलतो आहे.

त्या दुपारी हे स्थळ आले तेव्हा नातवंडे पुढच्या शर्यतीची वाट पाहत चुळबुळत होती. आमचे स्नेही मात्र म्हणाले, “जरा मागे घे. काय म्हणाला तो?” इंग्रजी उच्चार त्यांना नीट लागत नाहीत. नातवाने ते पुन्हा लाविले व सांगितले, “तो म्हणतो, दार उघडेच आहे.” स्नेह्यांनी “हं” एवढेच म्हटले आणि चष्मा पुसण्यास घेतला. पुढे त्या घरात काय घडले ते सांगण्याचा आम्हास अधिकार नाही. पण त्यानंतर संध्याकाळपर्यंत ‘रंगकाम’ हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही, एवढे आम्ही पाहिले.

यावर कोणी विचारील की, मग कार्टूनसारखे काहीही केले तरी ते नाट्यधर्मी म्हणून चालवून घ्यावयाचे काय? मुळीच नाही. याचा निवाडा करावयास आपल्याच मराठी दिग्दर्शकाचे उदाहरण पुरे आहे. ओम राऊत यांच्या २०२० च्या ‘तान्हाजी’त संगणकावर रचिलेली चित्रे काही कमी नव्हती, प्रेक्षकांनी ती आनंदाने स्वीकारली. त्यांच्याच ‘आदिपुरुष’ची झलक ऑक्टोबर २०२२ मध्ये अयोध्येत दाखविली गेली, तेव्हा ‘हे तर कार्टून!’ असा गिल्ला झाला. जानेवारी २०२३ चे प्रदर्शन पुढे ढकलून चित्रांवर पुन्हा हात फिरविण्यात आला, आणि १६ जूनला चित्रपट लागल्यावर काही संवादही बदलावे लागले. तेथे लोक कार्टूनवर रागावले असे म्हणणे अपुरे आहे. रामकथेची मूर्ती प्रत्येकाच्या मनात लहानपणापासून घडलेली असते; त्या मूर्तीच्या तोंडी हलके बोलणे घातले, म्हणून मने दुखावली. रंग गडद होते म्हणून नव्हे, तर आतला नाद जुळला नाही म्हणून. एकाच दिग्दर्शकाची एकाच जातीची चित्रे एकदा उचलली जातात व एकदा नाकारली जातात, यावरूनच सिद्ध होते की, परीक्षा चित्रांच्या झगझगाटाची नसते.

आमच्या जिल्ह्यात तेर म्हणून जे प्राचीन गाव आहे, तेथे संत गोरोबाकाका कुंभार होऊन गेले. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी हाती थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर हलकेच मारून पाहिले आणि कोणते मडके पक्के व कोणते कच्चे हे सांगितले, ही कथा सर्वश्रुत आहे. कुंभार मडके पारखतो ते त्यावरच्या रंगावरून नव्हे. थापटणे मारून निघणाऱ्या आवाजावरून. ‘स्पीड रेसर’ हे मडके फार भडक रंगविलेले आहे, एक-दोन ठिकाणी त्याचा काठही उडालेला आहे. पण वाजवून पाहिले तर आवाज खणखणीत येतो, असा आमचा अभिप्राय आहे.

घरोघरी असे वाद यापुढेही होणार, आणि दरवर्षी नवा चित्रपट त्यास निमित्त होणार. गृहस्थांस आमची एवढीच सूचना आहे की, निकाल देण्यापूर्वी एक नियम पाळून पाहावा. ज्याला चित्रपट आवडला नाही त्याने त्यातील एक चांगले स्थळ आधी सांगावे, ज्याला आवडला त्याने एक कंटाळवाणे स्थळ सांगावे, आणि वडील माणसांनी मुलांना “यात काय आहे?” असे न विचारिता “तुला यात काय दिसले?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल गप्प होते, दुसऱ्याने बोलू लागते. आणि ज्या घरातील एखादे माणूस असल्या चित्रांवरच पोट भरीत असेल, तेथे तर शब्द दुप्पट जपून वापरावा. थापटणे हाती घ्यावयाचे ते आवाज ऐकण्यासाठी. मडके फोडण्यासाठी नव्हे.